पाच अक्षरांच्या जागी एक

एप्रिल २०१७मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बारा पानांचा एक शोधनिबंध आला. विषय रूक्ष, शीर्षक त्याहून रूक्ष: बॅफ नावाच्या प्रथिनाचे जादा उत्पादन आणि स्वयंप्रतिकार आजारांचा धोका. लेखकांत पहिले नाव मारिस्तेल्ला स्तेरी यांचे, शेवटचे फ्रान्चेस्को कुक्का यांचे, आणि मधे सहकाऱ्यांची मोठी फौज. जागा सार्डिनिया, भूमध्य समुद्रातले इटलीचे बेट. कवितेचे, बंदिशीचे, चित्राचे रसग्रहण होते. शोधनिबंधाचा मात्र गोषवारा काढतात आणि मोकळे होतात. बहुतेक निबंधांची त्याहून अधिक लायकीही नसते. हा निबंध अपवाद आहे. त्याचा गोषवारा चार ओळींत सांगता येतो, पण त्या चार ओळींपर्यंत लेखक कसे पोचले, कुठे थांबले, कुठे जरा जास्तच पुढे गेले, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

मुळातला प्रश्न साधा आहे. आपल्या रक्तात प्रतिपिंडे किती असावीत, हे कोण ठरवते? प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर आयजीजी या प्रतिपिंडाच्या आकड्यापुढे एक पल्ला छापलेला असतो, साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आकडा त्या दोन कुंपणांच्या आत पडला की डॉक्टर पान उलटतात. पण हे आवार केवढे मोठे आहे! एकाच गल्लीत राहणाऱ्या, त्याच पाण्यावर आणि त्याच साथींत वाढलेल्या दोन धडधाकट माणसांपैकी एकाच्या रक्तात ८०० आणि दुसऱ्याच्या १५०० का असावेत? वय, जुने संसर्ग, यकृताची तब्येत, सिगारेट ही कारणे आहेतच. ती बाजूला काढल्यावरही काहीतरी उरते, आणि ते आईबापांकडून आलेले असते.

वैद्यकाने आधी टोकाची माणसे पाहिली, ते स्वाभाविकच होते. १९५२ साली अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग व्हायचे, आणि त्याच्या रक्तरसात प्रतिपिंडांचा पट्टाच उमटत नव्हता. त्यामागचे एक्स गुणसूत्रावरचे जनुक हाती लागायला १९९३ उजाडले. योगायोग असा, की त्याच १९५२मध्ये मुंबईच्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एका विलक्षण रक्तगटाची नोंद केली. तोच पुढे 'बॉम्बे' रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला. या माणसांत एच नावाचा पदार्थ तांबड्या पेशींवर बनतच नाही, म्हणून त्यांच्या रक्तात एचविरुद्धची जोरकस प्रतिपिंडे असतात आणि त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. दोन्ही शोध थोरच. पण दोन्हींचा कौल होय किंवा नाही असा आहे. जनुक चालते किंवा बंद पडलेले असते. प्रतिपिंड असते किंवा नसते.

आपण बहुतेक लोक ज्या मधल्या पट्ट्यात जगतो तिथे असा कौल लागत नाही. तिथे प्रश्न मात्रेचा असतो, आणि मात्रा ठरवणारी जनुके पकडणे फार जिकिरीचे, कारण एकेकाचा वाटा चिमूटभर. २०१७मध्येच आइसलँडच्या डीकोड कंपनीच्या संशोधकांनी हजारो लोकांच्या आयजीजी, आयजीए आणि आयजीएम या प्रतिपिंडांच्या पातळ्या मोजल्या आणि त्यांच्यावर असर करणारे कितीतरी जनुकीय फरक दाखवून दिले. ती यादी मोलाची आहे. पण यादी ही यादीच; तिच्यात नावे कळतात, माणसे कळत नाहीत. सार्डिनियाच्या निबंधाने एकच फरक धरला आणि त्याचा पिच्छा शेवटच्या अक्षरापर्यंत पुरवला.

आता बेटाविषयी. सार्डिनियाच्या पूर्वेकडे ओल्यास्त्रा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. शतायुषी माणसांचा 'ब्लू झोन' म्हणून तो अलीकडे फार गाजतो. तिथल्या चीजवर आणि दारूवर लेखांचा पाऊस पडतो. त्याच मुलखातल्या लानुसेई आणि शेजारच्या तीन गावांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांनी २००१पासून आपले रक्त, आपली मोजमापे आणि आपले जनुकसंच अभ्यासासाठी दिले आहेत. जुझेप्पे पिलिया यांनी हा प्रकल्प उभा केला. २००५मध्ये ते गेले, आणि काम पुढे कुक्का यांच्याकडे आले. बेटावर हजारो वर्षे बाहेरची सरमिसळ कमी झाली, त्यामुळे इतरत्र विरळ असलेले काही फरक इथे सर्रास आढळतात. आणि इथे दोन आजार फार आहेत. टाइप १ मधुमेह, ज्यात सार्डिनियाचा नंबर फिनलंडच्या पाठोपाठ लागतो. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. या दुसऱ्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडते. एमएसच्या बाबतीत सार्डिनिया जगातल्या सर्वांत वरच्या जागांपैकी एक आहे.

निबंध उघडतो तो या आजारावर. एमएसचे रुग्ण आणि निरोगी सार्डिनियन यांच्या जनुकसंचांची पद्धतशीर तुलना करताना तेराव्या गुणसूत्रावर एक जागा उजळली. तिथे टीएनएफएसएफ१३बी नावाचे जनुक आहे. हे जनुक बॅफ नावाचे प्रथिन बनवते. १९९९मध्ये हे प्रथिन एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना सापडले आणि प्रत्येकीने त्याला आपले नाव दिले: बॅफ, ब्लिस, टॉल-१, आणि एकाने चक्क 'थँक'. बारशाला एवढी गर्दी झाली याचे कारण प्रथिनच तसे मोक्याचे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून घडतात त्या बी-पेशींना जगत ठेवण्याचे काम बॅफ करते. बॅफ कमी, तर बी-पेशी मरतात. बॅफ जास्त, तर ज्या बी-पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या लायकीच्या असतात आणि एरवी मरून जायला हव्यात, त्याही तग धरतात. फाबिएन मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्येच दाखवले होते, की उंदरांत बॅफ मुद्दाम जास्त बनवला तर त्यांना लुपस या स्वयंप्रतिकार आजारासारखा आजार होतो.

इथपर्यंत निबंध हुशार आहे, असामान्य नाही. आजाराशी जोडलेल्या जनुकीय जागांची यादी त्या सुमारास शेकड्यांत गेली होती. बहुतेक शोध इथेच दम टाकतात: 'या जागेजवळ काहीतरी आहे.' स्तेरी-कुक्कांची पहिली सुंदर चाल इथून पुढची. त्यांनी आजारी माणसांकडे पाठ केली आणि ते निरोगी गावकऱ्यांकडे वळले.

चाल सुंदर का, ते सांगायला हवे. एमएसच्या रुग्णाच्या रक्तात बी-पेशी किंवा प्रतिपिंडे वाढलेली दिसली, तर त्यातून काहीच निश्चित सांगता येत नाही. आजाराने त्या वाढल्या असतील, औषधाने वाढल्या असतील, किंवा आधीपासून वाढलेल्या होत्या म्हणून आजार झाला असेल. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा तिढा रुग्णाच्या रक्तातून सुटत नाही. पण ओल्यास्त्रातला, आजाराचा मागमूस नसलेला मेंढपाळ तोच जनुकीय फरक अंगात घेऊन हिंडत असेल, आणि त्याच्या रक्तात बॅफ जास्त, बी-पेशी जास्त, आयजीजी, आयजीए आणि आयजीएम तिन्ही जास्त असतील, तर वाढ आजाराच्या आधीची ठरते. तसेच निघाले. जो फरक एमएसचा धोका वाढवतो, तोच आजार नसलेल्या माणसांत प्रतिपिंडांची पातळी वर सरकवतो. मग लुपसच्या रुग्णांत तपासले, तिथेही धोका त्याच दिशेने गेला. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकाच दारापाशी येणे, आणि तेही आवाज न चढवता, ही या निबंधाची शैली आहे.

पुढे दारातून आत शिरायचे होते. जनुकसंचात शेजारचे फरक पिढ्यानपिढ्या एकत्र वारशाने येतात, त्यामुळे उजळलेल्या जागेत अपराधी कोण आणि नुसता सोबती कोण हे कळणे कठीण. आंतरराष्ट्रीय संदर्भसंग्रहांवर अवलंबून राहिले, तर बेटावरचा खास फरक त्यांत नसण्याचीच शक्यता. सार्डिनियाच्या लोकांनी आपल्याच लोकांचे जनुकसंच अक्षर अक्षर वाचून काढले होते, त्याचा फायदा इथे झाला. शिवाय त्यांनी इतर देशांतल्या लोकसमूहांत डोकावून पाहिले. एका समाजात जे शेजारी कायम हातात हात घालून चालतात, ते दुसऱ्या समाजात कधी कधी वेगळे पडतात. वेगळे पडल्यावर खरा कर्ता कोण ते उघडे होते. अशी चाळण करत करत ते एका ठिकाणी थांबले. तिथे मूळ पाठात पाच अक्षरे आहेत: जी, सी, टी, जी, टी. काही माणसांत ही पाचही नाहीत, त्यांच्या जागी एकटा ए.

या पाच अक्षरांची जागा पाहिली की निबंधाची खरी गोडी लागते. ती जनुकाच्या त्या भागात नाहीत जिथे प्रथिनाची कृती लिहिलेली असते. बॅफचे एकही अमिनो आम्ल या फरकाने बदलत नाही. ही अक्षरे कृती संपल्यानंतरच्या लांब शेपटीत आहेत. जनुकाच्या आरएनए-प्रतीत ती उतरते, पण तिच्यातून प्रथिन बनत नाही. असा भाग बराच काळ दुय्यम मानला गेला. तसा त्याला मान मिळू लागलाच होता. १९७६मध्ये निक प्राउडफूट आणि जॉर्ज ब्राउनली यांनी केंब्रिजमध्ये निरनिराळ्या आरएनएंची शेपटे शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारा सहा अक्षरांचा एक इशारा ओळखला: ए-ए-टी-ए-ए-ए. आरएनएत टीच्या जागी यू येतो. हा इशारा आला की पेशीची यंत्रणा त्याच्या थोडे पुढे आरएनए कापते, टोकाला एच्या माळेची गाठ मारते आणि प्रत रवाना करते. म्हणजे हा पूर्णविराम.

बॅफच्या जनुकात हा पूर्णविराम शेपटीच्या पुष्कळ पुढे आहे. पण पाच अक्षरे गळून तिथे ए बसला, की तो आजूबाजूच्या अक्षरांशी जुळून मधेच एक नवा पूर्णविराम तयार करतो. पेशीला काय, इशारा दिसला की ती कापते. प्रत आखूड निघते. प्रथिनाची कृती शाबूत, शब्द न् शब्द तोच. शेपूट तेवढी अर्धवट. पांढऱ्या पेशींतला आरएनए वाचून लेखकांनी दाखवले, की हा ए असलेल्या माणसांत आखूड प्रती खरोखरच निघतात.

मग शेपूट तुटली तर बिघडले काय? या प्रश्नाचे उत्तर निबंधाचा मध्यबिंदू आहे. शेपटीच्या गळून पडलेल्या भागात मायक्रो-आरएनएंना बसायच्या जागा होत्या. मायक्रो-आरएनए म्हणजे वीस-बावीस अक्षरांचे चिमुकले तुकडे. ते मोठ्या आरएनएच्या शेपटीवर बसतात आणि त्यापासून होणारे प्रथिनाचे उत्पादन दाबतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३मध्ये एका बारीकशा कृमीत ते उलगडले, २०२४मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. इथे काम करणाऱ्याचे नाव मिर-१५ए. गच्चीवरच्या टाकीत पाणी ठरावीक उंचीला आले की तरंगता गोळा नळ बंद करतो. गोळ्याची दांडी तुटली तर नळ तोच, पाणी तेच, पण टाकी वाहू लागते. आखूड शेपटीचा आरएनए मिर-१५एच्या हातून निसटतो, बॅफ जास्त बनतो, जास्त बी-पेशी जगतात आणि जास्त प्रतिपिंडे रक्तात उतरतात.

इथे एक बारीक जागा आहे, जाणकाराने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. मिर-१५एचे जनुकही तेराव्याच गुणसूत्रावर आहे, बॅफच्या जनुकापासून बरेच दूर. आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या बी-पेशींच्या कर्करोगात मिर-१५ए असलेला तुकडा वारंवार गळालेला आढळतो, हे २००२पासून माहीत आहे. म्हणजे एकीकडे दाबणारा हात तुटतो, दुसरीकडे हात ठेवायची जागा नाहीशी होते. दोन्हीकडे बळावतात त्या बी-पेशीच. या साम्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये. पण ज्याने हे दोन्ही वाचले आहे त्याला तो संवाद ऐकू येतो.

या साखळीत सर्वांत भावते ती तिची नम्र मात्रा. ब्रूटनच्या मुलात जनुक बिघडले आणि प्रतिपिंडे संपली. इथे काहीच बिघडलेले नाही. कृती नीट आहे, प्रथिन नीट आहे, माणूस बहुधा आयुष्यभर ठणठणीत राहतो. फक्त पातळी किंचित वर सरकते, तीही रिपोर्टच्या कुंपणाच्या आतच बहुधा. एमएसचा धोका हा ए असलेल्या जनुकाच्या एका प्रतीमागे साधारण सव्वापट होतो, लुपसचा त्याहून थोडा अधिक. एमएस सार्डिनियात पुष्कळ असला तरी लाखात काही शेकड्यांचाच आजार आहे, तेव्हा सव्वापटीने कोणा एकाचे नशीब ठरत नाही. रक्त तपासून घ्यायला धावण्यासारखे यात काही नाही. वर्तमानपत्रांना अशा निबंधातून 'एमएसचे जनुक सापडले' असा मथळा हवा असतो. हे एमएसचे जनुक नव्हे. हे बॅफचे जनुक आहे आणि त्याचा एक पाठभेद आहे.

पाठभेदाचा प्रसार मात्र चकित करणारा. सार्डिनियात दर शंभर प्रतींमागे सव्वीसच्या आसपास प्रतींत हा ए आहे. माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, त्या हिशेबाने बेटावरच्या जवळजवळ निम्म्या लोकांकडे किमान एक तरी असणार. इटलीच्या मुख्य भूमीवर आणि स्पेनमध्ये हेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येते. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये दोन टक्क्यांहूनही कमी. आजाराचा धोका वाढवणारा फरक एका बेटावर एवढा बोकाळला कसा?

निबंधाचे उत्तर: मलेरिया.

हे उत्तर ऐकताच पटते, आणि तिथेच वाचकाने सावध व्हावे. आधी त्याच्या बाजूचे सगळे मांडू. सार्डिनिया शतकानुशतके मलेरियाने पोखरलेले बेट होते. थॅलॅसेमियासारखा दोष भूमध्य समुद्राच्या काठी टिकून राहिला तो मलेरियापासून मिळणाऱ्या संरक्षणामुळे, ही कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. तेच हॉल्डेन, जे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. १९६१मध्ये मार्चेल्लो सिनिस्काल्को आणि सहकाऱ्यांनी सार्डिनियाची गावे उंचीनुसार तपासली. सखल, डासांच्या गावांत थॅलॅसेमिया आणि जी६पीडी या विकराची कमतरता जास्त; उंच, निरोगी हवेच्या गावांत कमी. आपल्याकडे गडचिरोलीत आणि नंदुरबारात सिकलसेल का आढळतो, हे शिकवताना जो धागा सांगतात तोच हा. शिवाय प्रतिपिंडे मलेरियाशी खरोखर लढतात याचा थेट पुरावाही त्याच १९६१ सालचा आहे. सिडनी कोहेन, इयन मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढ, मलेरियाशी सरावलेल्या माणसांच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश, काढून गँबियातल्या मलेरियाग्रस्त मुलांना दिले, आणि मुलांच्या रक्तातल्या परजीवींची संख्या झपाट्याने उतरली. तेव्हा प्रतिपिंडे मुबलक बनवणारे शरीर दलदलीच्या बेटावर अधिक टिकले असेल, हा विचार हवेतला नाही.

तरी पण पुराव्याची जात बदलली, हे नजरेआड करून चालणार नाही. अक्षरापासून प्रतिपिंडांपर्यंतची साखळी प्रयोगाने बांधलेली आहे. तिची कडी कडी हाताने ओढून पाहता येते. मलेरियाचा मुख्य पुरावा गणिती आहे. या फरकाचे बेटावरचे प्रमाण आणि त्याच्या आसपासच्या पाठाची ठेवण पाहून, नुसत्या योगायोगाने असे होणे कठीण, निवडीचा दाब असावा, असे अनुमान. अनुमान चोख आहे. पण दाब होता एवढेच गणित सांगते. तो कोणाचा होता हे सांगत नाही. प्रतिपिंडे इतर शंभर जंतूंशीही लढतात. बेटावर मलेरिया होता, म्हणून मलेरियानेच, हे न्यायालयात परिस्थितिजन्य पुराव्याच्या खात्यात जाईल. लेखकांनाही हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी विधानापुढे 'बहुधा' घातले आहे. मला तो 'बहुधा' आवडतो. त्यानंतरच्या बातम्यांतून तो कसा गायब झाला, हे पाहताना मात्र वाईट वाटते.

मलेरिया बेटावरून गेला तो १९४६ ते १९५०च्या मोहिमेत. रॉकफेलर फाउंडेशनच्या देखरेखीखाली सार्डिनियाची घरे, गोठे, ओढे, डबकी डीडीटीने भिजवण्यात आली. मोहिमेचा खरा हेतू वेगळाच होता: मलेरिया पसरवणारा तिथला डासच बेटावरून नामशेष करायचा. ते काही साधले नाही, डास उरला. मलेरिया तेवढा संपला. हे प्रकरण निबंधात नाही आणि असण्याचे कारणही नाही. पण 'पूर्वी उपकारक, आता अपायकारक' हे सूत्र ज्यांना फार गुळगुळीत वाटते त्यांनी ते वाचावे, म्हणजे इतिहास किती आडवळणाने चालतो ते दिसेल.

निबंधाचा दुसरा कमकुवत सांधा त्याच गटाने स्वतःच दाखवला, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण. २०१८मध्ये इड्डा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की बॅफच्या लांब शेपटीवर मिर-१५ए एकटा काम करत नाही; एनएफ९० नावाचे एक प्रथिनही तिथे असते, आणि दोघे मिळून उत्पादन दाबतात. म्हणजे २०१७चे चित्र चूक नव्हते, पण त्यात एक पात्र कमी होते. पहिल्या निबंधाचा डौल त्याच्या एकसरीपणात आहे, एक अक्षर, एक पूर्णविराम, एक दाबणारा. दुसरा निबंध त्या डौलाला किंचित धक्का देतो, आणि म्हणून दोन्ही लागोपाठ वाचावेत.

माझी खरी कुरकुर औषधांपाशी आहे. बॅफ अडवणारे बेलिमुमॅब हे औषध अमेरिकेत मार्च २०११मध्ये लुपससाठी मान्य झाले. पन्नासहून अधिक वर्षांत त्या आजारासाठी मान्य झालेले ते पहिले नवे औषध. गंमत म्हणजे ते स्वतःच एक प्रतिपिंड आहे. लुपसच्या बाबतीत सार्डिनियाची साखळी आणि दवाखान्यातला अनुभव एकमेकांना दुजोरा देतात. एमएसच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. अटासिसेप्ट नावाचे औषध बॅफला, आणि त्याचबरोबर एप्रिल नावाच्या त्याच्या भावंड प्रथिनाला, अडवते. एमएसच्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली आणि २००९मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत आजाराचे झटके कमी होण्याऐवजी वाढले. बॅफ वाढला की एमएसचा धोका वाढतो, तर बॅफ अडवल्यावर आजार उतरायला हवा होता. अटासिसेप्ट दोन प्रथिने अडवते, म्हणून दोष एकट्या बॅफवर टाकता येत नाही, हे खरे. उलट, बी-पेशीच काढून टाकणारे ओक्रेलिझुमॅब एमएसवर चालते. या निबंधाच्या महिनाभर आधीच, मार्च २०१७मध्ये, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आणि एमएसच्या रुग्णांच्या मेंदूभोवतालच्या द्रवात प्रतिपिंडे वाढलेली असतात, हे तर एल्विन काबात यांनी १९४०च्या दशकातच दाखवले होते. म्हणजे बी-पेशी गुन्ह्यात सामील आहेत, पण त्यांचे पोषण तोडणे एका प्रयत्नात तरी उलटले.

निबंधाच्या माझ्या प्रतीवर मी समासात बाण काढून ठेवले आहेत: ए, आखूड शेपूट, बॅफ, बी-पेशी, प्रतिपिंडे. इथपर्यंत सगळे पक्क्या शाईचे. तिथून लुपसकडे जाणारा बाणही पक्का आहे. एमएसकडे जाणारा मी पेन्सिलीने, तुटक रेघेचा काढला आहे.